मैदानाचा शेजारधर्म

दादरच्या शिवाजी पार्कने शंभरी गाठली. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानाने मुंबईच्या चार पिढ्या खेळताना, भांडताना, सभा ऐकताना आणि कट्ट्यावर बसून म्हाताऱ्या होताना पाहिल्या. शताब्दी म्हटली की आपल्याकडे हारतुरे, दिव्यांची आरास आणि एखादी गुळगुळीत कागदावरची स्मरणिका हे ठरलेलेच असते. त्यांस आमचा विरोध नाही. परंतु शंभर वर्षांच्या मुक्कामावर उत्सवाबरोबर हिशेबही मांडावा लागतो. या मैदानाच्या काठी, झाडांच्या सावलीत, ज्यांचे संसार झाले त्या रहिवाशांचे मैदानाशी नाते कोणते, हा त्या हिशेबातील पहिला प्रश्न होय. ते मालकाचे नाते आहे की शेजाऱ्याचे?

हा प्रश्न हवेत विचारलेला नाही. मैदानाभोवतीच्या दुमजली-तिमजली इमारती एकामागून एक उतरत आहेत आणि त्यांच्या जागी आकाशाशी स्पर्धा करणारे मनोरे चढत आहेत. दरवर्षी हिवाळ्यात मैदानावरील लाल धूळ घराघरांत शिरते आणि दरवर्षी तिच्यावर नवा तोडगा निघतो. सभेला मैदान कोणी घ्यावे यावरून प्रकरणे न्यायालयात जातात. या तिन्ही गोष्टी वरवर वेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. मैदान कोणाचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे कर्तव्य कोणते, हे आपण स्पष्टपणे कधी ठरवलेच नाही.

थोडा इतिहास आठवणे येथे अगत्याचे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. गल्लीबोळांत, अंधाऱ्या कोंदट चाळींत माणसे किड्यामुंग्यांप्रमाणे मेली, तेव्हा शहराला हवा आणि उजेड हवा ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानी आली. १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहराच्या उत्तरेकडील दादर, माटुंगा, शीव या भागांत आखीव वसाहतींच्या योजना सुरू झाल्या. माहीमच्या ज्या पट्ट्यात तोवर नारळी-ताडांच्या बागा होत्या, तेथे रुंद रस्ते, रस्त्यांच्या कडेला झाडे, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा आणि या साऱ्यांच्या मधोमध सुमारे २८ एकरांचे एक मैदान अशी रचना आकाराला आली. तेव्हाच्या मुंबईच्या दृष्टीने हे उपनगरच होते. गिरगाव-ठाकुरद्वारच्या माणसाला दादरला राहावयास जाणे म्हणजे गावाबाहेर बिऱ्हाड करण्यासारखे वाटे.

हे मैदान आरंभी माहीम पार्क म्हणून ओळखले जाई. १९२७ साली, छत्रपतींच्या जन्मास तीनशे वर्षे झाली असे तेव्हाच्या प्रचलित गणनेनुसार मानले जात असताना, महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. परकीय अंमल असताना मुंबईच्या एका सार्वजनिक मैदानास महाराजांचे नाव मिळते आणि ते एका स्त्री-सभासदाच्या पुढाकाराने मिळते, ही घटना लहान नव्हे. महाराजांचा अश्वारूढ पुतळा तेथे यावयास मात्र १९६६ साल उजाडले. तोही लोकवर्गणीतून उभा राहिला. महाराजांच्या हाती तेथे उपसलेली तलवार नाही. हात पुढे करून ते वाट दाखवीत आहेत. नाव लोकप्रतिनिधीच्या आग्रहाने मिळाले, पुतळा लोकांच्या पैशाने आला, जमीन तर पहिल्यापासून लोकांचीच. या तीन गोष्टींत मैदानाच्या मालकीचा निवाडा झालेला आहे.

मैदानाभोवतीची वस्ती प्रामुख्याने १९३० आणि १९४० च्या दशकांत उभी राहिली. गोल सज्जे, जिन्याच्या उभ्या खिडक्या, साधे कठडे आणि वर गच्ची अशा त्या इमारती. तळमजला आणि वर दोन किंवा तीन मजले, यापलीकडे बहुतेकांची उंची गेली नाही. त्यांत वकील-डॉक्टर होते तसे शिक्षक, कचेरीतील कारकून, छापखान्याचे चालक, नाटकवाले आणि गवईही होते. भाडे परवडणारे होते आणि शेजार सुशिक्षित होता. १९४० साली दादासाहेब रेगे यांनी बालमोहन विद्यामंदिर सुरू केले आणि मुलांना शाळेतून मैदानावर आणि मैदानावरून घरी असा पायी जाण्याजोगा त्रिकोण मिळाला. शांता गोखले यांनी २०२० साली इंग्रजीत या वस्तीचा इतिहास लिहिला, तो लिहिण्याजोगा झाला याचे कारणच हे की, येथे केवळ घरे न वसता एक समाज वसला.

आता या वस्तीस जे सौख्य लाभले ते कशामुळे, याचा विचार करावा. तेथील खिडकीत संध्याकाळी वारा येतो, कारण पश्चिमेस काही पावलांवर समुद्र आहे आणि मध्ये मोकळे मैदान आहे. तेथील रस्त्यांवर दुपारी सावली असते, कारण कोणीतरी पाऊणशे वर्षांपूर्वी पर्जन्यवृक्षाची रोपे लावली आणि महापालिकेच्या माळ्यांनी ती जगविली. तेथील म्हातारा माणूस एकटा पडत नाही, कारण मैदानाभोवती एक किलोमीटरहून अधिक लांबीचा कट्टा आहे आणि त्यावर बसावयास कोणी तिकीट मागत नाही. यांपैकी एकही गोष्ट कोणा घरमालकाने बांधलेली नाही. आज घराच्या जाहिरातीत ‘मैदानाचे विहंगम दर्शन’ असे शब्द छापून चौरस फुटामागे जी किंमत मागितली जाते, तिच्यातील मोठा हिस्सा या सार्वजनिक ठेव्याचा आहे. मैदान तेथून उचलून अन्यत्र नेले तर त्याच भिंतींना काय किंमत येईल, हे वाचकांनीच ठरवावे.

वस्तीची श्रीमंती मैदानातून आली आहे, आणि मैदान शहराचे आहे. शहराचे म्हणजे किती जणांचे? साधे शाळकरी गणित करून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. हे मैदान मुंबईकरांत समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९० चौरस सेंटिमीटर जागा येते. म्हणजे माणसाच्या तळहाताएवढी. मालाडच्या, मानखुर्दच्या, धारावीच्या प्रत्येक मुलाची या मैदानावर तळहाताएवढी मालकी आहे, आणि समोरच्या इमारतीतील मुलाचीही तेवढीच. मैदान समोर असल्याने उपभोग अधिक मिळतो, मालकी अधिक मिळत नाही.

ही मालकी मुंबईकरांनी वेळोवेळी बजावली आहे. पहाटेच्या लोकलमधून स्वतःच्या उंचीची किट-बॅग खांद्यावर घेऊन दूरच्या उपनगरांतून येणारी मुले या मैदानावर क्रिकेट शिकली. रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत आणि सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्यास ते देण्याचे कबूल करीत. कोणी बाद करू शकला नाही तर ते नाणे सचिनचे. ही गोष्ट आता साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. सचिनचे घर वांद्र्याच्या साहित्य सहवासात होते. मैदान जवळ पडावे म्हणून तो शिवाजी पार्कजवळ नातेवाइकांकडे राहावयास आला. बाहेरच्या मुलाला मैदानाने आपले म्हटले, म्हणून देशाला तो फलंदाज मिळाला. ‘फक्त स्थानिकांसाठी’ अशी पाटी त्या काळी तेथे असती तर?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या सभांनी हे मैदान गजबजून जाई. १९६६ साली शिवसेनेचा पहिला मेळावा येथेच झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांना मुंबईने येथेच अखेरचा निरोप दिला. कोणाला कोणता पक्ष आवडो वा न आवडो, शहराला जेव्हा एकत्र रडावयाचे किंवा एकत्र गर्जावयाचे असते तेव्हा त्याला मोठे अंगण लागते, आणि मुंबईचे ते अंगण येथे आहे.

या साऱ्यांहून मोठी गोष्ट ६ डिसेंबरची. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले आणि दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि महाराष्ट्राबाहेरूनही लक्षावधी माणसे चैत्यभूमीच्या दर्शनास येतात आणि शिवाजी पार्कच्या मांडवांत मुक्काम करतात. येताना भाकरी बांधून आणतात, जाताना पुस्तके घेऊन जातात. ज्या सुशिक्षित वर्गाला वाचनाचा अभिमान आहे, त्याने त्या दिवसांतील पुस्तकांच्या रांगा एकदा डोळे उघडून पाहाव्यात. दिवसभर रांगेत उभे राहिल्यानंतर, गाठीच्या चार पैशांतून ग्रंथ विकत घेणारा समाज पाहून कोणाही शिक्षकाचे मन भरून येईल.

आणि नेमक्या याच ठिकाणी वस्तीच्या शेजारधर्माची परीक्षा होते. त्या दिवसांत घराला कुलूप लावून बाहेरगावी जाणारी काही कुटुंबे आहेत. ‘आमच्या पार्कची काय दशा होते’ हे वाक्य दिवाणखान्यांत ऐकू येते. स्वच्छता, पाणी, शौचालये यांची व्यवस्था अपुरी पडत असेल तर तो दोष व्यवस्था करणाऱ्यांचा आहे, आलेल्या माणसांचा नव्हे. उलट वर्षानुवर्षे चहा-पाणी घेऊन मांडवात उभे राहणारे, औषधांची पेटी उघडून बसणारे, थकलेल्या वृद्धेला आपल्या ओट्यावर जागा देणारे रहिवासीही याच वस्तीत आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे शिवाजी पार्कला संस्कृतीचे केंद्र म्हणवून घेण्याचा अधिकार मिळतो. पहिल्या प्रकारची माणसे कोणत्याही श्रीमंत वस्तीत आढळतात.

आम्ही एवढे म्हणतो म्हणून रहिवाशांच्या तक्रारी खोट्या आहेत असा अर्थ कोणी काढू नये. मोठ्या मैदानाच्या काठी राहणे ही चोवीस तासांची मौज नव्हे. ध्वनिक्षेपकाच्या भिंती लागल्या की मैदानाकाठच्या घरातील आजारी माणसाची रात्र बिछान्यात बसून जाते आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला कानांत बोळे घालावे लागतात. या त्रासाविरुद्ध रहिवाशांनी दगड उचलले नाहीत. ते न्यायालयात गेले. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने मैदान शांतता क्षेत्र ठरले. शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. पुढे क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस ठरवून देण्यात आले. ही तडजोड आमच्या मते शहाणपणाची आहे. मैदान खेळाचे आहे, हा नियम. सभा-समारंभ हा अपवाद, आणि अपवाद मोजून मापून द्यावयाचा. पण २०२२ च्या दसऱ्याला एकाच पक्षाच्या दोन गटांत या मैदानावरून झुंज लागली आणि उच्च न्यायालयाला निवाडा करावा लागला. असा प्रसंग पुनःपुन्हा यावयाचा नसेल, तर वर्षारंभीच त्या ४५ दिवसांचे पत्रक महापालिकेने मैदानाच्या कट्ट्यावर लावावे. कोणता दिवस कोणाला आणि कोणत्या नियमाने, हे ज्याला त्याला वाचता यावे.

धुळीचे दुखणेही खरेच आहे. मैदानावर लाल माती पसरली. तिच्यावर गवत टिकले नाही. हजारो पायांनी तिचे पीठ केले. आणि पावसाळा संपून जमीन सुकली की समुद्रावरून येणारा वारा ते पीठ उचलून घरांत, दुकानांत आणि फुप्फुसांत नेऊन टाकू लागला. यात गूढ असे काही नाही. पाणी शिंपडून पाहिले, पावसाचे पाणी साठविण्याच्या योजना झाल्या, गवत लावून पाहिले. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेस मातीचा वरचा थर काढण्याचे निर्देश दिले. माती कोणी टाकली आणि कोणी काढावी, हा वाद राजकारण्यांना पुरून उरेल. आम्हांस त्यात रस नाही. शेतकऱ्याला कळते ते महापालिकेस कळावे एवढीच अपेक्षा आहे. जमीन सांभाळावयाची तर तिच्यावर माणूस नेमावा लागतो, तिला पाळीपाळीने विश्रांती द्यावी लागते, आणि जे काही पेरावयाचे ते पावसाच्या तोंडावर पेरावे लागते. वर्षभर दुर्लक्ष आणि तक्रार वाढली की निविदा, या क्रमाने कोणतेही मैदान हिरवे झालेले नाही. खेळपट्ट्यांची निगा राखणारे अनुभवी माळी याच मैदानावर आहेत. त्यांना विचारण्यास कोणतीही समिती लागत नाही.

परंतु गोंगाट आणि धूळ हे ऋतुमानाचे आजार आहेत. खरा आणि कायमचा बदल होत आहे तो मैदानाच्या काठावर. पाऊणशे-ऐंशी वर्षांच्या इमारतींचे लोखंड गंजले आहे, सज्जे सुटले आहेत, जिने चढताना वृद्धांना धाप लागते. मूळ भाडेकरूंच्या नातवंडांची लग्ने झाली आणि दोन खोल्यांत तीन पिढ्या राहू लागल्या. अशा कुटुंबाने नवे, उद्वाहन असलेले, गळके नसलेले घर मागितले तर त्यास वारशाचे व्याख्यान ऐकविणे हा निर्दयपणा होईल. २०१२ साली या परिसराचा वारसा-यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रहिवाशांनीच त्यास मोठा विरोध केला. त्यांची भीती समजण्याजोगी होती. वारसा म्हणून इमारत जपावयाची, पण दुरुस्तीचा पैसा कोणी द्यावयाचा ते सांगावयाचे नाही, असा न्याय कोण मान्य करील? पुनर्विकास नको असे आम्ही म्हणत नाही. तो कोणत्या नियमाने व्हावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आज पुनर्विकास इमारतीगणिक होतो. प्रत्येक इमारतीचा बिल्डर वेगळा, आराखडा वेगळा, मंजुरी वेगळी. नियमांप्रमाणे चटईक्षेत्र मोजले जाते, उपकरप्राप्त इमारतींना अधिक मिळते, आणि जेथे नऊ बिऱ्हाडे होती तेथे तीसचाळीस होतात. बिऱ्हाडागणिक दोन मोटारी धरल्या तर तळाचे तीनचार मजले वाहनतळासाठी द्यावे लागतात. ज्या इमारतीच्या ओट्यावर बसून माणूस रस्त्याशी बोलत होता, तिच्या जागी रस्त्याला पाठ करून उभी असलेली मोटारींची कोठारे येतात. एका इमारतीचा हा बदल नगण्य वाटेल. पण मैदानाभोवतीच्या सर्व इमारतींचा तो एकत्र केला, तर रस्त्यांवर किती मोटारी येतील, मलनिस्सारणाच्या जुन्या नळांवर किती भार पडेल, मैदानाच्या कोणत्या भागावर कोणत्या वेळी सावली पडेल आणि समुद्राचा वारा कोठे अडेल, याचा हिशेब कोणत्या कचेरीत मांडलेला आहे? प्रत्येक झाड तपासून पाहावयाचे आणि वनाचा विचार करावयाचा नाही, असे हे चालले आहे.

झाडांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील वृक्षास वारसा-वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. कायदा चांगला आहे. परंतु सत्तर वर्षांचा पर्जन्यवृक्ष पाडून सत्तर रोपे दूर कोठेतरी लावली, तर या रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर सावली कोणाची? शिवाय वृक्ष कुऱ्हाडीनेच मरतो असे नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणले की तो तहानेने मरतो. पायाच्या खोदाईत मुळे तुटली की पहिल्या वादळात आडवा होतो. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वठले. जे उरले आहेत त्यांची गणती, वय आणि प्रकृती लिहिलेली वही वस्तीनेच ठेवावी. शाळेतील मुलांकडून हे काम उत्तम होईल, आणि ज्या मुलाने झाडाचा घेर मोजला तो मोठेपणी ते झाड सहजासहजी तोडू देणार नाही.

मनोऱ्यांविषयी आम्हांस वाटणारी मोठी चिंता विटा-चुन्यापलीकडची आहे. जुन्या घरातील माणूस दुसऱ्या मजल्यावरून मैदानावरच्या मुलाला हाक मारीत असे. मुलगा ‘आलो’ म्हणत असे आणि येत नसे. तिसाव्या मजल्यावरून मैदान दिसते ते नकाशासारखे. ज्याने अनेक कोटी रुपये मोजून ते दृश्य विकत घेतले, त्याला त्या दृश्यातील गर्दी, मांडव आणि फेरीवाले हे डाग वाटू लागणे स्वाभाविक आहे. मग हळूहळू मागण्या येतील: उंच कुंपण असावे, रात्री फाटके बंद व्हावीत, ओळखपत्र तपासावे, सुशोभीकरण व्हावे. ‘सुरक्षितता’ आणि ‘सौंदर्य’ हे दोन शब्द पुढे करून जगात अनेक सार्वजनिक जागा खाजगी केल्या गेल्या आहेत. ती चूक शिवाजी पार्कात होऊ नये. मैदानाला राखण हवी, स्वच्छता हवी, दिवे हवेत. पण कट्ट्यावर बसणाऱ्यास ‘तू कुठला?’ असे विचारणारा पहारेकरी नको.

दुसरी धास्ती स्मारकांची. थोर पुरुषांचे स्मरण व्हावे हे कोण अमान्य करील? आचरेकर सरांचे स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये या मैदानावर झाले, याचा क्रिकेटप्रेमींना आनंदच झाला. पण प्रत्येक स्मारक काही चौरस फूट मागते, त्यास कठडा लागतो, कठड्यास दिवे लागतात, दिव्यांस खोली लागते. २०२२ साली लतादीदींच्या स्मारकाची मागणी पुढे आली, तेव्हा खुद्द मंगेशकर कुटुंबीयांनीच तेथे स्मारक नको असे सांगितले. त्या विवेकास आम्ही वंदन करतो. सर्वपक्षीयांनी एवढा एक ठराव करावा की, यापुढे या २८ एकरांवर नवे कायमचे बांधकाम होणार नाही, मग नाव कितीही मोठे असो. मोकळी जमीन हेच त्या सर्व मोठ्या माणसांचे सामाईक स्मारक आहे.

शताब्दीच्या निमित्ताने आमचे मागणे म्हणून थोडक्यात एवढेच. राज्य शासनाने आणि महापालिकेने मैदानाभोवतीच्या परिसराचा एकत्र आराखडा करावा. इमारतींची उंची, रस्त्यापासूनचे अंतर, वाहनतळाची मर्यादा आणि झाडांचे रक्षण यांचे नियम त्यात आधी ठरवावे आणि मग इमारतींना परवाने द्यावे. जुन्या भाडेकरूंस त्याच वस्तीत घर मिळेल आणि नव्या घराची देखभाल-वर्गणी त्यांच्या निवृत्तिवेतनास झेपेल, याची तजवीज त्यातच व्हावी. नाहीतर घर मिळूनही ते विकून निघून जाण्याची पाळी त्यांच्यावर येईल, आणि ज्या माणसांनी वस्ती घडविली ती माणसेच वस्तीतून जातील. राजकीय पक्षांनी सभा घ्याव्यात, पण सभेनंतर मैदान होते तसे करून द्यावे. रहिवाशांनी ४५ दिवसांचा हिशेब जरूर मागावा, आवाजाची मर्यादा मोडली तर जरूर तक्रार करावी. आणि ६ डिसेंबरला घराला कुलूप लावण्याऐवजी दार उघडे ठेवून पाण्याचा माठ बाहेर मांडावा.

रहिवाशांस हे अखेरचे सांगणे जड वाटू नये. शिवाजी पार्कच्या काठी राहणे हे भाग्य आहे आणि त्या भाग्यावर कोणी वेगळा कर बसविलेला नाही. तळहाताएवढा हिस्सा असलेल्या सव्वा कोटी माणसांनी आपले मैदान तुमच्या दारात ठेवले आहे. त्याचा वारा घ्या, सावली घ्या, मुलांना तेथे वाढवा. आणि ते वापरावयास कोणी लांबून आला तर त्याला पाहुणा समजू नका. तो आपल्याच जागेत आलेला आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही मोकळी जमीन राखली, त्यांनी ती आपल्या नावावर करून घेतली नव्हती. पुढच्या शंभर वर्षांसाठी ती तशीच मोकळी ठेवून पुढच्यांच्या हवाली करणे, हाच मैदानाचा शेजारधर्म होय.